बंद गाडीतले जुने पेट्रोल: चावी फिरवण्याआधी

मराठवाड्यातील बहुतेक गावांत एखादी तरी गाडी वाड्याशेजारच्या पत्र्याखाली वर्षानुवर्षे उभी असलेली दिसते. मालक नोकरीनिमित्त पुण्याला असतो, वडील थकलेले असतात, आणि गाडीवर ताडपत्री, ताडपत्रीवर सोयाबीनचे रिकामे बारदान अशी भर पडत जाते. मग लग्नसराईत कोणाला तरी गाडीची आठवण होते, शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली जाते आणि सेल्फ मारला जातो. चूक नेमकी येथेच होते. बॅटरीचे आणि टायरचे दुखणे लगेच लक्षात येते, पण टाकीतल्या पेट्रोलचे येत नाही. आणि इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल फवारणाऱ्या, बहुतेक गाड्यांत तर चावी नुसती चालू करताच टाकीतला पंप दोन-तीन सेकंद फिरून तेच पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलतो. टाकी रिकामी करणे हे एका सकाळचे काम आहे, पंप आणि इंजेक्टर बदलणे मात्र महिन्याचे बजेट कोलमडवणारे आहे. म्हणून आधी टाकीचे झाकण उघडावे आणि मगच चावीला हात लावावा.

हे शहाणपण मला उशिरा आले. औशाजवळच्या आमच्या गावी थोरल्या भावाची कार्बोरेटरची, म्हणजे इंजेक्टरऐवजी पेट्रोल-हवा मिसळणारे जुन्या पद्धतीचे यंत्र असलेली, मारुती ८०० चार वर्षे उभी होती. मी उत्साहाने सेल्फ मारत राहिलो, गाडी पाचव्या-सहाव्या वेळेस मिनिटभर चालली आणि बोनेटखालून पेट्रोलचा भपकारा आला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची आवक रोखणारी फ्लोटची सुई जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने उघडी चिकटून बसली होती आणि पेट्रोल वरून वाहून गरम इंजिनावर ठिबकत होते. गाडीपासून दहा पावलांवर कडब्याची गंजी होती. काही पेटले नाही, एवढेच. त्यात माझ्या हुशारीचा काहीही वाटा नव्हता.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून हलक्या आणि जड अशा अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलका भाग आधी उडून जातो, आणि थंड इंजिन सुरू होते ते मुख्यतः या हलक्या भागावरच. त्यामुळे जुन्या पेट्रोलवर सेल्फ फिरत राहतो, इंजिन मात्र दाद देत नाही. मागे उरलेल्या भागाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डिंकासारखा चिकटा तयार होतो आणि तो इंजेक्टरच्या किंवा कार्बोरेटरमधील जेटच्या बारीक छिद्रांत बसतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने घडते. परभणी-नांदेडकडच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या गाडीची टाकी किती तापत असेल याचा विचार करावा. थंड हवेच्या प्रदेशातील पुस्तकी मुदती आपल्याकडे जशाच्या तशा लागू धरू नयेत.

दुसरे कारण इथेनॉलचे आहे. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आले आणि २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर पोहोचले. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून आणि धान्यापासून बनते, त्यामुळे ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागाला त्याचे वावडे असण्याचे कारण नाही. पण ते हवेतील ओलावा शोषून घेते, हा त्याचा स्वभाव आहे. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि पावसाळाभर दमट हवा आत ओढत राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी वेगळे बसते, आणि पंपाची जाळी तर टाकीच्या तळाशीच असते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात ठोके न पडता जळण्याची क्षमताही, त्यामुळे घटतो. टाकी लोखंडी पत्र्याची असेल, तर हा तळातला थर तिला आतून गंजवतो.

आता परीक्षा. एक बारीक, स्वच्छ नळी टाकीच्या तळापर्यंत सोडून हातपंपाने अर्धा पेला पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्यावे. काही गाड्यांत टाकीच्या तोंडातच झडप असते आणि नळी पुढे जात नाही. अशा वेळी बळजबरी करू नये, त्याचा मार्ग पुढे दिला आहे. बाटली अर्धा तास सावलीत स्थिर ठेवावी आणि शेजारी ताज्या पेट्रोलची तशीच बाटली ठेवावी. जुने पेट्रोल गडद, चहाच्या रंगाकडे झुकलेले दिसले, त्याला लाकडी कपाटाच्या पॉलिशसारखा आंबूस वास आला, किंवा तळाशी वेगळा थर अथवा लालसर गाळ बसला, तर निकाल लागला. नाकावर विश्वास ठेवावा. ताज्या पेट्रोलचा झणझणीतपणा आणि जुन्याचा कुबट वास यांतला फरक एकदा कळला की विसरत नाही.

माझा हिशेब असा आहे. चार-सहा महिने उभी असलेली गाडी, रंग आणि वास ठीक, तळाशी थर नाही, तर टाकी ताज्या पेट्रोलने भरून घ्यावी आणि गाडी चालवून ते संपवावे. वर्षाच्या आत असून वास किंचित उतरलेला असेल, तर एक भाग जुन्याला किमान चार भाग ताजे, यापेक्षा कमी नको. वर्ष उलटले असेल किंवा थर दिसला असेल, तर सगळे बाहेर काढावे. गावात बरेच जण जुने पेट्रोल फडक्यातून गाळून पुन्हा ओततात. त्याने कचरा निघतो, विरघळलेला चिकटा निघत नाही. बाटलीतून मिळणारी स्टॅबिलायझरसारखी औषधेही ताजे पेट्रोल टिकवण्यासाठी असतात, मेलेले जिवंत करण्यासाठी नसतात.

पेट्रोल काढण्याचे काम उघड्यावर, सकाळच्या गारव्यात आणि कडबा, भुसा, चूल, गोठ्यातला दिवा यांपासून दूर करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत सरकत जाते आणि खड्ड्यात साचते. लांबवर पेटवलेली विडीसुद्धा तिला पुरते. प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी आणि शेजारी कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे ठेवावे. पेट्रोल घट्ट झाकणाच्या लोखंडी कॅनमध्ये घ्यावे आणि भरताना कॅन जमिनीवर टेकवूनच ठेवावा, कारण स्थिर विजेची ठिणगी दिसतही नाही. पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय घरगुती वापरासाठी ३० लिटरपर्यंतच पेट्रोल साठवता येते आणि त्यासाठीचे धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही, तेव्हा टाकी मोठी असेल तर काम गॅरेजवर सोपवणे बरे.

नळी तोंडाने ओढण्याची सवय मात्र कायमची सोडावी. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. चुकून गिळले गेले तर उलटी करवू नये, कारण उलटीतून ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. माणसाला थेट दवाखान्यात न्यावे. पिंपातून डिझेल काढण्याचा साधा हातपंप शेतीसामानाच्या दुकानात मिळतो, तो पुरेसा आहे. टाकीच्या तोंडातून नळी जात नसेल, तर बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पंपाचे झाकण असते. तेथील माती आधी ब्रशने झाडून, पाइपच्या जोडाभोवती फडके धरून, उरलेला दाब सुटू देऊन मग जोड काढावा. पंप बाहेर निघालाच तर त्याची जाळी पाहावी. ती काळपट आणि चिकट झाली असेल तर बदलावी. लोखंडी टाकीत गंजाचे पापुद्रे दिसले, तर टाकी उतरवून स्वच्छ करून घ्यावी. पण रिकामी टाकी वेल्डिंगला देताना ती पेट्रोलची आहे हे सांगायला विसरू नये, कारण भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक घातक असते.

त्यानंतर पेट्रोलचा फिल्टर नवा घालावा आणि रबरी पाइप बोटांनी वाकवून पाहावेत. तडे गेलेले, मऊ पडलेले किंवा उंदरांनी कुरतडलेले पाइप बदलावेत. २०२३ पूर्वीच्या गाडीत २० टक्के इथेनॉलला सोसणारे पाइप मागून घ्यावेत. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर केले आहे का तेही पाहून घ्यावे. कार्बोरेटर असेल तर तो उघडून जेट साफ करावेत, मात्र छिद्रात तार घालू नये, क्लीनरचा फवारा आणि हवा पुरेशी होते.

गाडी दोन-तीन वर्षांहून अधिक उभी असेल, तर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या (क्रँकच्या) पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. ते अडले तर जोर करू नये. इंजिन ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल आधी बदलावे. मग प्लग बसवावेत, पाच-सात लिटर ताजे पेट्रोल घालावे, बॅटरी जोडावी आणि सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा नुसती चालू-बंद करावी. इंजेक्शनच्या गाडीत मागच्या सीटखालून पंपाची घूं घूं ऐकू येते. ती येत असताना दुसऱ्या माणसाने सगळे जोड हात फिरवून कोरडे आहेत ना ते पाहावे, आणि मगच सेल्फ मारावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये.

डिझेलच्या गाडीत चिकटा कमी आणि पाणी हे मुख्य दुखणे असते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढून काळा, बुळबुळीत गाळ होतो आणि फिल्टर तुंबतो. फिल्टरखालचा पाणी सोडण्याचा स्क्रू उघडून बाटलीत नमुना घ्यावा. कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल देणाऱ्या) इंजिनात हजार बारपेक्षा, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजार पटीपेक्षा, अधिक दाबाने चालणाऱ्या इंजेक्टरांना पाण्याचा थेंबही महाग पडतो. डिझेल काढल्यावर फिल्टर बदलून, फिल्टरजवळच्या हातपंपाने लाइनमधली हवा काढूनच गाडी सुरू करावी.

काढलेल्या पेट्रोलचे काय करावे, हा प्रश्न गावात फारसा कोणी विचारत नाही. बांधावरचे गवत जाळायला, चूल पेटवायला किंवा फवारणी पंपात घालायला ते वापरू नये. जमिनीत ओतले तर ते मुरमातून आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून खाली उतरते, आणि आपल्या विहिरींचे पाणीही त्याच भेगांतून येते. तालुक्याच्या ठिकाणी जळके ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणारी गॅरेजे असतात. तेथे आधी विचारून, पेट्रोल ऑइलमध्ये न मिसळता स्वतंत्र कॅनमध्ये द्यावे.

पुन्हा गाडी उभी करायची असेल, तर पावसाळ्यापूर्वी टाकी ताज्या पेट्रोलने जवळजवळ भरून, त्यात स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटे गाडी चालवावी, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोहोचते. घरच्यांना फोन करून “पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवा” असे सांगण्याने उलट नुकसान होते, कारण इंजिन पूर्ण तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचते. त्यापेक्षा चालवता येणाऱ्या चुलतभावाला चावी द्यावी, महिन्यातून एकदा औशापासून लातूरपर्यंत गाडी नेऊन आणायला सांगावे आणि पेट्रोलचे पैसे वेळेवर पाठवावेत.