देवनागरी वहीने माझे आठ महिने खाल्ले

सोलापुरात कोणालाही आपण चिनी भाषा शिकत आहोत असे सांगितले की पहिल्या मिनिटातच डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव निघते, आणि ते स्वाभाविकही आहे. याच गावात 1910 साली जन्मलेले कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून चीनला गेले, तेथील लोकांत राहून त्यांची भाषा बोलू लागले आणि 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला असे वाटते की घरी बसून शिकणाऱ्या नवशिक्यापुढे हे उदाहरण ठेवू नये. त्यांच्या कानांवर दिवसभर चिनी पडत होती. माझ्या कानांवर अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या मागांचा खडखडाट पडत होता, आणि त्यातून माणसांचे जे बोलणे ऐकू येई ते तेलुगू, कन्नड, दख्खनी किंवा मराठी असे. ज्याला चिनी ऐकायलाच मिळत नाही, त्याच्या चुका वेगळ्या असतात, आणि त्या उशिरा कळतात.

मी टॉवेलच्या कारखान्यात खरेदी विभागात काम करते. आमच्या मालकांनी चिनी बनावटीचे रॅपियर माग घेतले तेव्हा सुट्या भागांच्या खोक्यांवरील मजकूर वाचता यावा, एवढ्याच माफक हेतूने मी सुरुवात केली. पिनयिन (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत) म्हणजे काय, शब्दाचा अर्थ ठरवणारे चार सूर (सपाट, चढता, खाली दाबलेला, उतरता) कोणते आणि पाचवा हलका सूर कसा असतो, एवढे वाचकाला ठाऊक आहे असे धरून मी पुढे लिहिते, कारण या गोष्टी कोठेही फुकट शिकायला मिळतात. मला जे कोणी सांगितले नाही ते असे, की चिनी शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून ठेवू नयेत.

ही सूचना वाचून आपण मान डोलवाल आणि तरीही पहिल्या आठवड्यात वही काढून लिहू लागाल, हे मला माहीत आहे, कारण मीही तेच केले. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, असे लहानपणापासून ऐकलेले असते. त्यामुळे जे ऐकू येते ते देवनागरीत उतरवले की काम झाले असे वाटते. मी दोनशे पानी वही घेतली, डाव्या बाजूला देवनागरी उच्चार आणि उजव्या बाजूला मराठी अर्थ असे दोन रकाने आखले, आणि पाणी येण्याचा दिवस सोडून रोज पहाटे दहा शब्द पाठ केले. आठ महिन्यांत वही जवळजवळ भरली. घरातले सर्व जण कौतुक करीत होते आणि मलाही आपण बरेच पुढे गेलो आहोत असे वाटत होते.

त्याच सुमारास माग बसवण्यासाठी एक चिनी इंजिनिअर कारखान्यात आले. मी मोठ्या उत्साहाने झिजलेला एक ग्रिपर (मागातला धागा पकडणारा भाग) त्यांच्यासमोर धरला आणि आम्हाला हे वीस नग विकत घ्यायचे आहेत, असे माझ्या मते चिनीत सांगितले. त्यांनी तो भाग उलटसुलट पाहिला, नम्रपणे मान हलवली आणि हात जोडून नकार दिला. मी पुन्हा म्हणाले, त्यांनी पुन्हा नकार दिला. शेवटी त्यांनी मोबाइलवरील भाषांतराचे साधन पुढे केले, तेव्हा उलगडा झाला: मी त्यांना आमचे झिजलेले वीस ग्रिपर विकत होते. चिनीत खरेदीचा शब्द आणि विक्रीचा शब्द दोन्ही ‘माइ’ असेच आहेत. पहिला तिसऱ्या सुरात, खाली दाबून, आणि दुसरा चौथ्या सुरात, वरून खाली झटकन सोडून. माझ्या वहीत दोन्ही जागी ‘माइ’ एवढेच लिहिले होते. खरेदी विभागातील बाईने खरेदी आणि विक्री यांत गल्लत करावी, याचा विनोद कारखान्यात पुढे कित्येक दिवस पुरला.

या एका प्रसंगापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे त्यानंतर घरी येऊन मी वही चाळली, तेव्हा पानोपानी तोच घोटाळा दिसला. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, सूर बाजूला ठेवले तर वेगवेगळे उच्चार साधारण चारशेच उरतात. सूर धरले तर ते तेराशेच्या आसपास होतात. म्हणजे सूर न लिहिणे ही एखादी मात्रा चुकण्यासारखी किरकोळ बाब नसून, भाषेचा बराच मोठा भाग वहीबाहेर ठेवणे आहे. शिवाय माझी देवनागरी नुसते सूरच गाळत नव्हती, ध्वनीही एकत्र करीत होती. ‘दहा’ हा शब्द मी ‘शी’ असा लिहिला होता आणि ‘धुणे’ हा शब्दही ‘शी’ असाच. ‘चार’साठी ‘सी’ लिहिले होते, पण तेथे आपला ‘ई’ मुळीच नाही. जीभ ‘स’च्या जागी तशीच ठेवून घशातून गुणगुणल्यासारखा एक स्वर काढावा लागतो, ज्याला आपल्याकडे चिन्ह नाही. चौदा आणि चाळीस हे दोन्ही शब्द दहा आणि चार यांचीच उलटसुलट जोडी आहेत, त्यामुळे ज्याचे ‘दहा’ आणि ‘चार’ कच्चे आहेत त्याने नगांची संख्या तोंडी सांगूच नये. हिरवा रंग आणि रस्ता हे दोन्ही माझ्याकडे ‘लू’ होते. हिरव्यातील स्वर ‘ई’ म्हणता म्हणता ओठ ‘ऊ’सारखे गोल केले की येतो.

यावर कोणी म्हणेल की मग पिनयिन रोमन लिपीत पाठ करावे. तेथेही एक खड्डा आहे. ही पद्धत चीनने 1958 मध्ये आपल्या ध्वनींसाठी स्वीकारली. तिच्यातील अक्षरांची इंग्रजी किंमत धरायची नसते. रोमन ‘बी’ दिसला की आपण ‘ब’ म्हणतो, परंतु चिनीत तो ‘प’च्या जवळचा आहे, आणि ‘पी’ हा ओठ मिटून म्हटलेल्या ‘फ’च्या जवळचा. त्याच रीतीने ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे ढोबळमानाने ‘त’ आणि ‘थ’, तर ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे ‘क’ आणि ‘ख’. ज्या शहराला वर्तमानपत्रे बीजिंग लिहितात त्याचा उच्चार ‘पेइचिंग’च्या अधिक जवळ आहे.

येथे मात्र मराठी माणसाने धीर सोडू नये, कारण आपली वर्णमाला वहीसाठी जितकी वाईट तितकीच कानासाठी चांगली आहे. क आणि ख यांतील श्वासाचा फरक आपण बालवाडीत शिकलो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो तोंडासमोर कागद धरून शिकावा लागतो. आपल्याकडे ‘चहा’तील च आणि ‘चाक’तील च असे दोन च आहेत, आणि चिनीलाही ते दोन्ही लागतात. तिसरा च जीभ टाळूकडे वळवून काढायचा असतो, आणि त्याच जागेवरून निघणारा श म्हणजे शाळेत ज्याला आपण पोटफोड्या ष म्हणत होतो, पण ज्याचा उच्चार मात्र कधीच केला नाही, तोच. ‘दहा’मध्ये हा ष आहे आणि ‘धुणे’मध्ये ‘शिडी’तील श आहे. हे एकदा तोंडाला समजले की ते लिहून ठेवण्याची गरज राहत नाही.

सुरांचे तसे नाही. सूर मराठीतही आहेत, आणि नेमकी तीच अडचण आहे. फोनवर आपण ‘हं’ म्हणतो तेव्हा चढत्या सुरातील ‘हं’ म्हणजे प्रश्न, उतरत्या सुरातील म्हणजे होकार, आणि सपाट लांबवलेला म्हणजे पुढे बोला, मी ऐकते आहे. आपला सूर मनातले सांगतो. चिनी सूर शब्दाचा भाग असतो. त्यामुळे प्रश्न विचारताना वाक्याचे शेपूट वर उचलण्याची आपली सवय चिनीत थेट शब्द बदलून टाकते. मी विक्रीचा ‘माइ’ बरोबर शिकले तरी प्रश्नात तो वर जाई, आणि मला स्वतःला ते कधीच ऐकू आले नाही. ते माझ्या भाचीला ऐकू आले. ती गाणे शिकते, चिनीचा तिला गंधही नाही. मी शब्दकोशातील ध्वनिमुद्रण आणि माझे ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ लावून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, “मावशी, त्या बाईचा सूर वरून खाली पडतोय आणि तुझा वर चाललाय. तुला खरंच कळत नाहीये का?” मला खरेच कळत नव्हते.

त्या दिवसापासून मी शब्द एकेकटे म्हणणे सोडले. दोन उच्चारांचे शब्द घेऊन सुरांच्या जोड्या बसवल्या: पहिल्यानंतर पहिला, पहिल्यानंतर दुसरा, अशा चार गुणिले चार सोळा, आणि शेवटी हलका सूर असलेल्या चार. दोन तिसरे सूर लागोपाठ आले तर पहिला दुसऱ्या सुरासारखा चढतो, म्हणून ऐकायला एक जोडी कमीच होते. तिसऱ्या सुराविषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. पुस्तकातील आकृतीत तो खाली जाऊन पुन्हा वर येताना दाखवतात, परंतु वाक्याच्या मध्ये तो बहुधा नुसता खालीच राहतो. आकृती पाहून प्रत्येक वेळी वर आणत बसलात तर बोलणे झोक्यासारखे होते. रोज दहा मिनिटे मोबाइलवर स्वतःचा आवाज मुद्रित करून ऐकावा. पहिले दोन आठवडे हे फार लाजिरवाणे असते, आणि त्याला इलाज नाही.

मोबाइलवर चिनी टंकलेखन लवकर सुरू करा असा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो मला धोक्याचा वाटतो. कळफलकावर सूर न लिहिता ‘माइ’ एवढेच टाइप केले तरी चालते. खाली खरेदी आणि विक्री दोन्ही अक्षरे येतात आणि आपण बोटाने एक निवडतो. चूक कधी पकडलीच जात नाही. डोळ्यांना मात्र तो फरक विसरणे अशक्य आहे, कारण विक्रीच्या अक्षरात खरेदीच्याच अक्षराच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी एक खूण असते, आणि ती खूण म्हणजे ‘दहा’चे अक्षर.

चिनी अक्षरांचा बाऊ करू नये. घटक ओळखू लागलात की ती लक्षात राहतात. ‘धुणे’च्या अक्षरात डावीकडे पाण्याचे तीन थेंब आहेत, आणि हे थेंब नदी, समुद्र, रस्सा अशा कित्येक अक्षरांत भेटतात. टॉवेलला चिनीत ‘माओचिन’ म्हणतात. ‘माओ’ म्हणजे लव आणि ‘चिन’ म्हणजे कापडाचा तुकडा, पहिल्याला चार रेघा, दुसऱ्याला तीन. ज्या गावात टेरी टॉवेलची लव बोटाने चाचपून माल पारखतात, तेथील माणसाला हा शब्द पाठ करावा लागत नाही. (होय, मी आत्ताच एक शब्द देवनागरीत लिहिला, छापण्यापुरता तो क्षम्य आहे, वहीत नाही.) तो मोजताना मध्ये ‘थिआओ’ हा गणकशब्द येतो, जो नदी, रस्ता, मासा, पँट अशा लांबट गोष्टींना लावतात. आपण पाच नग, तीन जण म्हणतो तसेच हे आहे, फक्त तेथे ते टाळता येत नाही. पहिली शंभरेक अक्षरे चौकटीच्या वहीत हाताने, रेघांचा क्रम पाळून लिहावीत. एकच अक्षर पन्नास वेळा गिरवणे मात्र मला शिक्षा वाटते, अभ्यास नव्हे.

शिक्षकाविषयी माझे मत कडवट आहे, ते तसेच सांगते. मी तीन महिने एका ऑनलाइन शिकवणीला पैसे दिले. शिक्षक फार गोड बोलत, प्रत्येक वाक्यावर “वा, छान” म्हणत, आणि त्या तीन महिन्यांत माझा एकही सूर त्यांनी दुरुस्त केला नाही. तीस दिवसांत अस्खलित चिनी शिकवू म्हणणाऱ्यांविषयी तर बोलण्यासारखे काही नाही. पैसे द्यायचेच असतील तर जो पहिल्या तासाला आपल्याला दहा वेळा थांबवतो त्यालाच द्यावेत. तसा कोणी मिळाला नाही तर गाणे शिकणारी भाची, शेजारचा तबला वाजवणारा मुलगा, कोणीही चालेल. प्लेकोसारखा बोलणारा शब्दकोश मोबाइलवर घ्यावा आणि प्रत्येक नवा शब्द आधी ऐकावा, मग पाहावा.

एचएसके या चिनी भाषेच्या पातळीवार परीक्षेत माझी देवनागरी वही पुन्हा एकदा आडवी आली. जुन्या मांडणीत पहिल्या पातळीला 150, दुसऱ्या पातळीला 300 आणि तिसऱ्या पातळीला 600 शब्द लागत. 2021 च्या नव्या मानकात पहिल्याच पातळीला 500 शब्द आहेत, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी परीक्षा कोणत्या अभ्यासक्रमाची आहे ते तपासावे. मी जुन्या मांडणीची दुसरी पातळी 200 पैकी 158 गुणांनी सहज उत्तीर्ण झाले, कारण तेथे अक्षरांवर पिनयिन छापलेले असते. तिसऱ्या पातळीत ते नसते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला जाऊन प्रश्नपत्रिका उघडली, तेव्हा त्या आठ महिन्यांत वहीत पाठ केलेले शब्द समोर असूनही मला ओळखू आले नाहीत, कारण मी ते कधी डोळ्यांनी पाहिलेच नव्हते. 300 पैकी 180 लागतात. मला 171 मिळाले.

पगार वाढला का, असे सर्व जण विचारतात. नाही. सोलापुरात पहिल्या दोन पातळ्यांवर कोणी नोकरी देत नाही, आणि नोकरी मिळते असे सांगणाऱ्याच्या शिकवणीला पैसे देऊ नयेत. खोक्यांवरील मजकूर मात्र आता मी वाचते, आणि गेल्या खेपेस एका खोक्यात चुकीच्या मापाचा भाग भरलेला आहे हे ते उघडण्यापूर्वीच मालकांना सांगितले. तिसऱ्या पातळीचा अर्ज पुन्हा भरला आहे. श्रवणाचे गुण मागच्या वेळीही चांगले होते. वाचनात मार खाल्ला, म्हणून सध्या पहाटे फक्त अक्षरे.