टॅरोचा कॅट हातात घेऊन त्याचा इतिहास कसा तपासावा

गोव्यात टॅरोची ओळख बहुतेकांना किनाऱ्यालगतच्या बाजारांत, भविष्य सांगण्याचे साधन म्हणून होते. तो मुळात पत्त्यांचा खेळ आहे, हे पडताळण्यासाठी कॅट स्वतः लावून पाहावा.

78 पानांतून प्रथम नावे असलेली 22 मोठी पाने बाजूला काढावीत. उरलेल्या 56 पानांचे पेले, शिक्के, तलवारी आणि दंड असे चार रंग लावावेत. प्रत्येक रंगात एक्का ते दश्शी, आणि गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा मिळतील. घोडेस्वार वगळला, तर चतुर्थीच्या रात्री आपल्या घरांत रंगणाऱ्या बावन्न पानांचीच ही रचना आहे. 1440 च्या सुमारास उत्तर इटलीत अशा पत्त्यांना कायमच्या हुकमाची पाने जोडली गेली आणि टॅरो जन्मला.

नंतर एक डाव खेळावा, कारण वाचून जे उमजत नाही ते खेळताना उमजते. फ्रेंच पद्धतीत चौघांना प्रत्येकी 18 पाने वाटून 6 बाजूला ठेवतात. उतारीच्या रंगाचे पान असेल तर तेच टाकायचे, नसेल तर हुकूम मारायचा. मोठ्या पानांपैकी 1 ते 21 या हुकमांत मोठा आकडा हात जिंकतो, आणि ‘मूर्ख’ हे पान मात्र रंगाचे बंधन न पाळता टाकता येते.

टॅरोत इजिप्तचे प्राचीन ज्ञान दडले आहे असा दावा कोणी केला, तर सनावळी पाहावी. तो दावा कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने 1781 मध्ये मांडला, तर शांपोलियों या फ्रेंच विद्वानाने इजिप्तच्या चित्रलिपीची उकल 1822 मध्ये केली. म्हणजे ज्या काळी ती लिपी वाचणारे कोणी नव्हते, त्या काळचा हा तर्क आहे. एटेला या टोपणनावाच्या भविष्यवेत्त्याने लवकरच त्यावर व्यवसाय उभारला.

पुढे 1909 मध्ये लंडनहून आलेल्या कॅटसाठी, गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांच्या मार्गदर्शनाखाली, चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी चार रंगांच्या लहान पानांवरही प्रसंगचित्रे काढली. ‘न्याय’ आणि ‘बल’ या पानांचे 8 आणि 11 हे क्रम त्यात अदलाबदल झालेले दिसतील. भविष्यकथनाला चित्रांची ही समृद्धी मिळाली, तिचे श्रेय पामेला यांना मिळालेच पाहिजे.

पानांवरील गूढ चित्रांमुळे संभ्रम पडत असेल, तर शेजारच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहावी. तिच्या 120 पानांवर विष्णूचे अवतार आहेत, तरीही ती खेळण्यासाठीच घडवली गेली.

नियमित खेळायचे असल्यास मात्र फ्रेंच खेळाचा कॅट मागवावा. त्यात बदाम, इस्पिक, किलवर, चौकट असे ओळखीचे रंग असतात आणि हुकमांवरील आकडे ठळक असल्यामुळे डाव अडत नाही.