कोइंब्राला जाताय? मग या चुका टाळा

पोर्तुगालमध्ये लिस्बनहून पोर्तोला जाताना वाटेत कोइंब्रा हे विद्यापीठाचं शहर 'उरकून टाकू', ही पहिली चूक. बाकीच्या बहुतेक तिच्याच पोटच्या.

लांब पल्ल्याच्या गाड्या कोइंब्रा-बी स्टेशनावर थांबतात. जुनं शहर तिथून दोनेक किलोमीटरवर आणि विद्यापीठ थेट टेकडीच्या माथ्यावर. आम्ही चाकांच्या बॅगा खडखडवत ज्या पायऱ्या चढलो, त्यांचं नाव 'केब्रा कोश्ताश', म्हणजे पाठमोड्या. हे वर पोचल्यावर कळलं! सामान खाली हॉटेलात टाका, टॅक्सीनं वर जा आणि पायऱ्या उतरताना पाहा.

दिवसाची आखणी विद्यापीठातल्या जोआनिना ग्रंथालयापासून करा. तिथल्या तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते, ती हुकली की बहुधा हुकलीच. उन्हाळ्यात ऐनवेळी गेलात तर सोयीची वेळ मिळेलच असं नाही. आधीच ऑनलाइन काढा. 1717 ते 1728 या काळात बांधलेल्या या वास्तूत वटवाघळं राहतात, पुस्तकांना लागणारे किडे खातात. त्यांच्या विष्ठेनं खराब होऊ नयेत म्हणून रात्री टेबलांवर चामड्याची आच्छादनं घालतात. दिवसा मात्र वटवाघळं दिसत नाहीत. छताकडे बघत बसलात तर सोनेरी नक्षीची कपाटं पाहायची राहतील. खाली विद्यार्थ्यांसाठीचा जुना तुरुंग आहे, तोही चुकवू नका.

'1290 चं विद्यापीठ' ऐकून आलेल्यांचा हिरमोड होतो तो बाहेरच्या अवाढव्य, चौकोनी इमारतींपाशी. मुळात 1290 साली ते स्थापन झालं लिस्बनमध्ये. कोइंब्रात कायमचं आलं 1537 मध्ये, राजवाड्यात. आणि त्या चौकोनी इमारती पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतल्या. त्यांच्यासाठी 1940 च्या दशकापासून इथली जुनी वस्ती पाडली, माणसं उठवली. सालाझार स्वतः इथेच शिकला, इथेच प्राध्यापक होता. 1961 पर्यंत गोवा न सोडणारा हाच तो. त्यामुळे मला तरी त्या इमारतींसमोर थोडं थांबावंसं वाटलं.

माशादु द काश्त्रु संग्रहालय सोमवारी बंद असतं. त्याच्या तळघरातली रोमन भुयारं पाहायची तर दुसरा वार धरा.

कोनिंब्रिगा म्हणजे कोइंब्रा नव्हे. हे रोमन अवशेष सुमारे 16 किलोमीटरवर आहेत. तिथल्या बिशपचं पीठ इकडे हललं, सोबत नावही आलं. बस मोजक्याच, म्हणून परतीची वेळ बघूनच निघा. कारंज्यांच्या घरातली मोझेइकची फरशी सोडून बसमागे धावायची वेळ येऊ नये.

मे महिन्यात 'कैमा दश फीताश' हा विद्यार्थ्यांचा उत्सव असतो आणि खोल्या मिळणं मुश्कील. पण मिळाली तर मध्यरात्री जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर काळ्या झग्यातली पोरं फादो हा पोर्तुगीज गीतप्रकार गातात, तो ऐका. आवडलं तरी टाळ्या नाहीत हं. तिथली रीत घसा खाकरण्याची.