अर्थिंगला अंग कधी जोडायचं, कधी नाही: रिपेअरिंग शिकायला येणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक रिपेअरिंगच्या लाइनीत नव्यानं येणाऱ्या पोरांना मी आधी हेच सांगतो, की टेबलावरचं काम दोन तऱ्हेचं असतं. सप्लाय चालू ठेवून फॉल्ट शोधताना अंग अर्थपासून लांब हवं. पायात रबरी चप्पल, खाली कोरडी फळी, आणि शक्यतो एकच हात आत, दुसरा खिशात. सप्लाय काढून आयसी (चिप) किंवा मॉसफेट (स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर) बदलताना मात्र उलट. तेव्हा अंगावरचा स्टॅटिक चार्ज (घासण्यानं साठलेली वीज) निघून जायला अंग अर्थला जोडलेलं हवं. पोरं हे दोन नियम दोन वेगवेगळ्या व्हिडिओंत ऐकतात, त्यांची खिचडी करतात आणि मनगटाला पट्टा बांधून चालू एसएमपीएसमध्ये (मेनमधून डीसी बनवणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) हात घालतात. हे दिसलं की मी आधी मेन स्विच बंद करतो, मग बोलतो.

मनगटाच्या त्या पट्ट्यात, म्हणजे रिस्ट स्ट्रॅपमध्ये, १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागलाच, तर पट्ट्यातून पाव मिलिअँपियरपेक्षाही कमी करंट जावा यासाठी तो असतो. स्वस्तातल्या पट्ट्यात तो खरंच आहे का, हे मल्टिमीटर लावून बघून घ्या. आणि वायर नसलेला पट्टा विकत घेऊच नका. चार्ज जायला वाटच नसेल तर तो जाणार कुठून?

आता एसएमपीएसचं. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाला की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो. प्लग काढला म्हणजे तो गेला असं नाही. उलट बंद पडलेल्या सप्लायमध्ये जास्त धोका, कारण पुढचं स्विचिंग थांबलेलं असतं आणि चार्ज खाणारं काही उरलेलं नसतं. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही पायांना इन्सुलेशन असलेल्या वायरी आणि प्रोब जोडा, कपॅसिटरच्या दोन टोकांना धरा. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर दहा-पंधरा सेकंदांत रिकामा होतो. मग मीटर लावून शून्याजवळ आलाय हे डोळ्यांनी बघा, तेव्हाच बोट लावा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ‘फट्’ आवाज काढण्याची पद्धत अजून बऱ्याच दुकानांत आहे. त्यानं कार्डावरची तांब्याची पट्टी जळते, कपॅसिटर दुखावतो, ठिणगी डोळ्यात जाऊ शकते. ती शिकू नका. दुरुस्त केलेलं कार्ड (सर्किट बोर्ड) पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये १०० वॉटचा तारेचा बल्ब ठेवा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

मायक्रोवेव्हला नवख्यानं हात लावू नये. तिथं २००० व्होल्टच्या वर काम चालतं. फुगलेल्या मोबाइल बॅटरीला टोचू नका, दाबू नका.

स्टॅटिकचा त्रास असा, की तो कळतच नाही. अंगावर साधारण ३००० व्होल्ट साठले तरच झटका जाणवतो. मॉसफेटच्या गेटची (कंट्रोलच्या पायाची) सहनशक्ती बहुधा २० व्होल्टची, आणि काही आयसी तर शंभर व्होल्टच्या आतच मरतात. म्हणजे आपल्याला काही जाणवण्याआधीच पार्ट गेलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट दुखावलेला पार्ट. कार्ड टेबलावर छान चालतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आणि महिन्याभरानं तेच कार्ड परत येतं. मग आपण पार्ट डुप्लिकेट होता म्हणतो. कधी असतोही, पण माझं स्पष्ट मत आहे, की परत येणाऱ्या कामातला बराच वाटा आपल्या टेबलाचा असतो.

आपल्या सोलापुरात हे जास्त जपायला हवं. थंडी सरत आली की हवा कोरडी पडते ती पाऊस येईपर्यंत. सूतगिरणीत काम केलेलं कुणी घरात असेल तर विचारा, तिथं हवेत ओलावा का राखतात. कोरड्या हवेत सूत तुटतं, स्टॅटिकनं तंतू विस्कटतात आणि मशीनच्या भागांना चिकटतात. तीच हवा आपल्या दुकानात असते. म्हणून एसीपेक्षा कूलर बरा, फक्त त्याचा झोत टेबलावर नको. आणि टेबलावर टर्किश टॉवेल किंवा चादर अंथरायची आपल्याकडची सवय सोडा. कापड सुती असलं तरी कोरड्या हवेत ते अँटिस्टॅटिक मॅटचं (चार्ज अर्थकडे नेणाऱ्या टेबलावरच्या चटईचं) काम करत नाही. थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या आणि नायलॉनचा ब्रश कार्डापासून हातभर लांब. यांच्यावरचा चार्ज अर्थिंग करूनही निघत नाही, त्यामुळे लांब ठेवणं हाच सोपा उपाय.

पण पट्टा, मॅट, सगळं ज्याला जोडायचं ते अर्थिंगच खरं आहे का? जुन्या पेठांतल्या कित्येक दुकानांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. फेज ते अर्थ २३०च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट, ही मीटरवरची पहिली खूण. पण तेवढ्यावर विसंबू नका, वायरमनकडून अर्थ टेस्टर (अर्थचा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) लावून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्याभोवतीची ओल जाते आणि अर्थचा रेझिस्टन्स वाढतो. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहायचं. बोर्डावर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवा, मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर ती वाचवत नाही.

पैसे थोडे असतील तर पहिले तीन पिनच्या सोल्डरिंग आयर्नवर घाला. प्लग काढून, आयर्नच्या टोकापासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंत एक-दोन ओहमच यायला हवेत. दोन पिनच्या आयर्नच्या टोकावर लीकेज असतं आणि ते थेट आयसीच्या पायात उतरतं. त्यानंतर पट्टा, मग मॅट. कार्ड आणि पार्ट ठेवायच्या अँटिस्टॅटिक पिशव्या घेताना चंदेरी घ्या. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज धरत नाही एवढंच, बाहेरून आलेला झटका ती अडवत नाही. चंदेरी अडवते, पण तिच्यावर कार्ड ठेवून सप्लाय देऊ नका, कारण तिच्यात धातूचा थर असतो.