साठीनंतरची पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे: तयारी कशी करावी

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. २०० किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. पंचविशीतल्या पोराला तेवढेच आणि पासष्टीच्या आजोबांनाही तेवढेच. वयाची सवलत नाही, आणि पहिला-दुसरा नंबरही कुणी काढत नाही. वेळेत पोचलं की झालं. म्हणून सराव सुरू करण्याआधी कागद-पेन घेऊन बसावं.

ताशी २० किमीनं पेडल मारलं तर १० तास लागतात, उरतात साडेतीन. चार ठिकाणी अर्धा-अर्धा तास टेकलात की त्यातले दोन गेले. हेच थांबे १२-१२ मिनिटांत आटोपले तर ७२ मिनिटं वाचतात. तेवढीच वेळ पायांनी कमवायची म्हटली तर अख्खे २०० किमी ताशी २२.७ नं काढावे लागतील. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तिथं जवळजवळ दीडपट जोर हवा. तो आणण्यापेक्षा थांबे आखडणं कितीतरी स्वस्त.

वयानं दम कमी होतो हे खरं, पण सरावाला तो फार उशिरापर्यंत दाद देतो. फ्रान्सचे रोबेर मार्शां २०१२ मध्ये, शंभरी पार केल्यावर, ट्रॅकवर एका तासात २४.२५ किमी गेले. २०१४ मध्ये २६.९२७. साठीनंतर जास्त अडतं ते झीज भरून येण्यापाशी. तिशीत रविवारची लांब राइड मंगळवारपर्यंत अंगातून उतरते, पासष्टीला गुरुवार उजाडू शकतो. पुढचं वेळापत्रक त्या गुरुवाराचा मान राखून केलं आहे.

आधी डॉक्टर

ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टबद्दल विचारून घ्या. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा व्यायाम करणाऱ्यांतही हृदयाची लय बिघडण्याचा त्रास दिसतो, त्यामुळे ‘मी तर रोज सायकल चालवतो’ हे उत्तर पुरत नाही. चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, काही हृदयाचे ठोके दाबून ठेवतात. मधुमेहाच्या काही औषधांवर लांब राइडमध्ये साखर धोकादायक खाली येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डोक्यावरचा साधा मारही गंभीर धरायचा. डोस बदलायचा की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

सायकल अंगाला बसवणं

इथं एक सबंध दिवस घालवावा. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ व्हावा, पण कंबर त्या बाजूला कलू नये. मग पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. ही सुरुवात. पुढचे बदल एका वेळी २-३ मिलिमीटरच करा आणि मधे दोन राइड जाऊ द्या. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून दुखला तर सीट फार वर किंवा फार मागे गेली आहे.

हँडल सीटच्या उंचीला आणा, जरा वर गेलं तरी चालेल. ताठरलेली मान बारा तास वर धरून ठेवणं सोपं नसतं. करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागली तर तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दबते आहे. जाड हातमोज्यांनी ते क्वचितच सुटतं. बहुतेक वेळा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं आणि अंग पुढं घसरून सगळं वजन हातांवर येतं. सीट लेव्हलला आणा, हँडल थोडं जवळ घ्या, दर दहा मिनिटांनी पकड बदला.

पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालू नये. तिथली शिवणच कातडी सोलते. दर पंधरा मिनिटांनी १५-२० सेकंद पेडलवर उभं राहायची सवय लावा.

गिअरच्या बाबतीत अभिमान बाजूला ठेवा. पुढचं लहान चक्र ३४ दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठंही ३४ चं असेल तर बहुतेक चढ बसून निघतात. सपाटीवर पेडलचे मिनिटाला ८०-९० फेरे. चढावर ६० च्या खाली आले की गुडघ्यांवर भार पडतो. टायर ३२ मिमी रुंदीचे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो असतील तर पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआय हवेपासून सुरुवात करून पाहा.

पंधरा आठवडे

सलग ४० किमी आरामात जमतात असं धरलं आहे. आठवड्याला तीनच राइड: दोन मधल्या, तासा-सव्वातासाच्या, आणि एक लांब. लांब राइडचे किलोमीटर असे चढवा: ५०, ६०, मग उतरून ४०, ७०, ८०, ५५, ९०, १०५, ६५, १२०, १३५, ८०, तेराव्या आठवड्यात १५०, चौदाव्यात ७०, पंधराव्यात ब्रेव्हे. दर तिसरा आठवडा हलका आहे, आणि तोच नेमका लोक गाळतात, कारण त्या वेळी अंगात जोर वाटत असतो. हा जोर आधीच्या विश्रांतीचा असतो.

लांब राइड अशा गतीनं करा की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. ठोके मोजत असाल तर कमाल ठोक्यांसाठी २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. ६५ व्या वर्षी ते साधारण १६२ येतात. त्याच्या ६५ ते ७५ टक्के, म्हणजे १०५ ते १२२ च्या आसपास राहा. ठोके दाबणारी गोळी चालू असेल तर हे गणित विसरा आणि बोलण्याचीच कसोटी लावा. डॉक्टरांची हरकत नसेल तर मधल्या दोनपैकी एका राइडमध्ये तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं सैल, असं पाच वेळा करा.

आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचीच. सायकलवर हाडांवर भार पडत नाही, त्यामुळे नुसती सायकल हाडांची घनता राखत नाही. बैठका, पायरी चढणं, पाठीसाठी वजन ओढणं, प्रत्येकी ८ ते १२ चे दोन-तीन सेट पुरे.

पोट आणि पाणी

तहान वयाबरोबर उशिरा लागते, तिच्यावर विसंबू नका. सरावाच्या एका राइडला आधी आणि नंतर कपडे काढून वजन करा. तासाभरात अर्धा किलो घटलं आणि मधे पाव लिटर प्यालात, तर तुमचा घाम ताशी पाऊण लिटर. त्यातला बराचसा भरून काढा, पण वजन वाढेल इतकं पिऊ नका. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ आणि गोंधळ सुरू होतो, आणि माणूस ते उन्हाचं समजून आणखी पाणी पितो. म्हणून एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत क्षारांचं.

ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. पहिला घास निघाल्यावर ४० मिनिटांच्या आत, भूक नसली तरी. ब्रेव्हेच्या दिवशी नवीन पदार्थ तोंडात घालायचा नाही.

अंगदुखीसाठी वाटेत आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

पंक्चर, आणि बोटं

अंगठ्याचा सांधा कुरकुरत असेल तर टायर रिमवर चढवताना जीव जातो. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा. आधी बसवलेली टायरची कड बोटांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या, म्हणजे शेवटच्या वीतभर तुकड्यात ढील मिळते. तो तळव्यानं लोटा. मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून परत ओढा, नाहीतर तिथं ट्यूब कडेखाली चिमटते आणि हवा भरताच फुटते. हे घरी चारदा करून बघा. दोन ट्यूब न्या, आणि चष्माही. वाळूएवढा काचेचा कण उघड्या डोळ्यांनी सापडत नाही.

त्या दिवशी

पहिले ५० किमी मुद्दाम हळू. तरुण घोळक्याच्या मागे लागून अनेकांची ब्रेव्हे तिथंच संपते, फक्त ते कळतं १४० व्या किलोमीटरला. १०० किमीवर कंट्रोल, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायचा ठरलेला थांबा, असेल तर तो सुरुवातीपासून ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. तासभर आधी पोचलात तर गणित ठीक आहे. थांब्यावर क्रम ठरलेला असावा: कार्डावर शिक्का, बाटल्या, लघवी, घास हातात घेऊन पुढे. बसणं सगळ्यात शेवटी, जमल्यास नाहीच. अंधार पडला की उतारावर वेग कमी करा. वयस्क डोळ्यांना समोरच्या दिव्याच्या झगमगाटातून सावरायला जास्त वेळ लागतो. दोन हेडलाइट ठेवा.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चुकणारे ठोके यांतलं काहीही जाणवलं तर तिथंच उतरून मदत मागवा. पुढच्या कंट्रोलपर्यंत ढकलत न्यायचं नाही.

पोचल्यावर तासाभरात ३०-४० ग्रॅम प्रथिनं पोटात जाऊ द्या. वयस्क स्नायूंना जागं व्हायला एका वेळी मोठा घास लागतो. दोन दिवस फक्त चालणं, आठवडाभर जोर नाही. आणि पुरुषांसाठी एक बारीक गोष्ट: प्रोस्टेटची पीएसए तपासणी करायची असेल तर रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल बंद ठेवा, सीटच्या दाबानं आकडा वाढून येऊ शकतो.