व्हिएतनाम युद्धावर प्रश्न काढताय? या चुका टाळा

प्रश्नमंजुषेत युद्धांची फेरी आली की व्हिएतनाम हमखास असतो, आणि व्हिएतनाम आला की ठरावीक चुकाही येतातच. मी बरीच वर्षं प्रश्न काढतोय, तपासतोय, परीक्षक म्हणून बसतोय. उत्तरांच्या यादीत तेच चुकीचं उत्तर पुन्हा दिसलं की संताप होतो. प्रश्न काढणारा चुकतो आणि शिक्षा होते ती अभ्यास करून आलेल्या पोरांना.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो हेलिकॉप्टरचा फोटो. छतावर एक लहानशी खोली, तिच्यावर टेकलेलं हेलिकॉप्टर आणि शिडीवर लागलेली माणसांची रांग. प्रश्न ठरलेला: ‘ही इमारत कोणती?’ यादीतलं उत्तर: सायगॉनमधला, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या तेव्हाच्या राजधानीतला, अमेरिकन दूतावास. चूक! ती गिया लाँग रस्त्यावरची पिटमन अपार्टमेंट्स ही निवासी इमारत आहे. तिथे सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेचे अधिकारी राहायचे, आणि हेलिकॉप्टर होतं सीआयएच्याच एअर अमेरिका कंपनीचं. २९ एप्रिल १९७५ रोजी, सायगॉन पडण्याच्या आदल्या दिवशी, डच छायाचित्रकार ह्यूबर्ट व्हॅन एस याने जवळच्याच आपल्या कार्यालयातून हा फोटो टिपला. त्याने पाठवलेल्या ओळीत दूतावासाचा उल्लेखही नव्हता. संपादकांनी तो परस्पर जोडला आणि जगभर तोच छापला गेला. दूतावासाच्या छतावरूनही हेलिकॉप्टरं उडाली, ३० एप्रिलच्या सकाळी शेवटचे मरीन तिथूनच निघाले, म्हणून दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली.

एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी प्रेक्षकांत होतो. हाच फोटो पडद्यावर आला. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या एका मुलीने बझर दाबला आणि शांतपणे सांगितलं, “सर, हा दूतावास नाही, अपार्टमेंटची इमारत आहे.” सूत्रसंचालकाने कागद पाहिला, मान हलवली आणि प्रश्न पुढच्या टीमकडे दिला. त्यांनी ‘दूतावास’ म्हटलं, टाळ्या मिळाल्या. मी उठून आयोजकांकडे गेलो. “आता निकाल कसा बदलायचा, पुढची फेरी सुरू झाली,” हे उत्तर मिळालं. ती टीम त्या एका प्रश्नाच्या गुणांनीच अंतिम फेरीतून बाहेर पडली. तेव्हापासून माझी एक सवय आहे: फोटोवर प्रश्न काढायचा तर आधी तो काढणाऱ्याने स्वतः काय सांगितलंय ते शोधायचं. ते सापडलं नाही तर फोटो बाद.

त्याच फोटोखाली ‘अमेरिकन सैन्याची माघार’ असंही लिहितात. युद्ध थांबवण्याचा पॅरिस करार २७ जानेवारी १९७३ चा. लढाऊ अमेरिकन तुकड्या त्याच वर्षी मार्चअखेर गेल्या होत्या. शिडीवरची माणसं बहुतेक व्हिएतनामी आहेत. माझी खरी तक्रार इथेच आहे. आपल्या प्रश्नांत हे युद्ध नुसतं अमेरिकेचं असतं, ज्यांच्या घरात ते झालं ती माणसं कुठेच नसतात.

‘व्हिएतनाम युद्धात किती माणसं मेली?’ या प्रश्नाला ‘५८ हजार’ हे उत्तर मी कितीदा खोडलंय! तो वॉशिंग्टनच्या स्मारकभिंतीवरच्या अमेरिकन नावांचा आकडा. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेला अंदाज ११ लाख लढवय्ये आणि २० लाख नागरिक असा आहे. आकडा विचारायचाच असेल तर कोणाचा आणि कोणी मोजलेला, हे प्रश्नातच लिहा. ८ जून १९७२ चा, भाजलेल्या मुलीचा फोटो घ्या. चांग बांग गावावर नापाम (चिकटून जळणारा ज्वालाग्राही पदार्थ) टाकणारी विमानं दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाची होती, अमेरिकेची नव्हती. छायाचित्रकार कोण, हे तर विचारूच नका, २०२५ पासून त्यावर वाद पेटलाय. ११ जून १९६३ रोजी सायगॉनच्या चौकात स्वतःला पेटवून घेणारे बौद्ध भिक्खू थिक क्वांग डुक अमेरिकेविरुद्ध नव्हे, दक्षिण व्हिएतनामच्या दिएम सरकारच्या बौद्धविरोधी धोरणाविरुद्ध उभे होते.

आता आपल्याकडची खास चूक. शिवजयंतीच्या स्पर्धांत एक प्रश्न फिरतो: ‘कोणत्या मराठी राजाचं चरित्र वाचून व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं?’ सोबत किस्साही असतो. तिथल्या नेत्याने थडग्यावर ‘शिवाजी महाराजांचा सैनिक’ असं कोरायला सांगितलं म्हणे, आणि कुणा मंत्र्याने रायगडाची माती नेली. सांगणाऱ्याला नेत्याचं नाव विचारा, साल विचारा, भाषण कुठे छापलंय ते विचारा. काहीही मिळत नाही. हाच मजकूर महाराणा प्रतापांच्या नावानेही फिरतो. उत्तर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचं थडगंच नाही. त्यांचा देह हनोईच्या समाधीभवनात जतन करून ठेवलाय. महाराजांचा गनिमी कावा शिकायला प्रतापगड आणि उंबरखिंड पुरेशी आहेत, त्यांच्या मोठेपणाला फॉरवर्डचा टेकू लागत नाही. आणि व्हिएतनामला स्वतःचा इतिहास आहे. १२८८ मध्ये सेनापती चान हुंग दाओने बाक डांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवले आणि ओहोटीला मंगोल जहाजं त्यांत अडकवली. १७८९ मध्ये क्वांग चुंग राजाने ऐन टेट या नववर्षाच्या सणात चिनी फौजेवर झडप घातली. १९६८ मध्ये उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँग गनिमांनी टेटमध्येच दक्षिणेवर केलेल्या हल्ल्याचा प्रश्न काढताना हा धागा जोडा, मुलं कान देऊन ऐकतात.

‘टेट कोण जिंकलं?’ असं एका शब्दात विचारू नका. हल्लेखोरांना रणांगणावर जबर मार बसला, पण ३१ मार्चला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं.

आणखी काही गोष्टी, ज्यांत गोंधळ होतो. दिएन बिएन फूची लढाई, मे १९५४: हरले ते फ्रेंच. कोरियाची फाळणीची रेषा ३८ अंश, व्हिएतनामची १७. हो ची मिन्ह २ सप्टेंबर १९६९ लाच गेले, सायगॉन पडलं ते त्यांच्या नावाच्या मोहिमेत, उत्तरेचे सेनापती व्हान तिएन डुंग यांच्या हाताखाली.

“सर, रात्रीपर्यंत पन्नास प्रश्न हवेत,” असे फोन येतात. मी नाही म्हणतो. पन्नास प्रश्न रात्रीतून नकलले जातात, तपासले जात नाहीत. दहा काढा, पण प्रत्येकाच्या मागे तारीख, जागा आणि कोणी कोणाविरुद्ध हे पेन्सिलने लिहा. यातलं एक जरी अडलं तरी तो प्रश्न बाजूला ठेवा.

शेवटी रणगाड्याचा प्रश्न, कारण त्यावर भांडणं होतात. ३० एप्रिल १९७५ ला सायगॉनच्या राष्ट्राध्यक्ष भवनाचं मुख्य फाटक तोडलं ते उत्तर व्हिएतनामच्या ३९० क्रमांकाच्या रणगाड्याने. मान मात्र वर्षानुवर्षं ८४३ ला मिळाला. तो बाजूच्या फाटकाला धडकून अडकला होता, पण त्याचाच प्रमुख बुई क्वांग थान झेंडा घेऊन छताकडे धावला. एका फ्रेंच छायाचित्रकार महिलेच्या फोटोमुळे १९९५ मध्ये घोळ मिटला. तेव्हा प्रश्नात फाटक विचारताय की झेंडा, हे स्पष्ट लिहा, आणि उत्तरांच्या यादीत दोन्ही क्रमांक कारणासह द्या, म्हणजे सूत्रसंचालकाला ऐनवेळी अंदाजाने मान हलवावी लागणार नाही.