मैदानावर पोरगं कोसळलं तर? शाळेची तयारी अशी करा

पीटीच्या तासाला धावता धावता पोरगं धाडकन पडलं की काय होतं माहितीये ना, गोल करून गर्दी, कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा आणायला पळतं आणि हातपाय झटकले की फिट आली म्हणून चप्पल हुंगवतात. इथंच मिनिटं जातात. हृदय बंद पडलं तरी सुरुवातीला फिटसारखे झटके येऊ शकतात, आणि मधूनच घरघर करत तोंड वासतो त्याला श्वास समजू नका. खांदे हलवून हाक मारली, उत्तर नाही, श्वास नीट चालत नाही, मग थांबायचं नाही, सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, चालू. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या मुलांना ५ सेंटिमीटर खोल, लहानग्यांना छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, आणि दाबून झालं की छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेलं कुणी असेल तर ३० दाबांनंतर तोंडानं २ श्वास द्यायचे. दोन मिनिटांत हात भरून येतात हो, माणूस बदला.

आता तयारीचं. स्टाफरूममध्ये एक कागद लावा, दाबणार कोण, १०८ ला फोन कोण करणार, एईडी, म्हणजे हृदयाला शॉक द्यायचं मशीन, कोण आणणार, गेटवर कोण उभं राहणार. गेटवाला माणूस सगळे विसरतात! अँब्युलन्स येते पुढच्या गेटला, मैदान मागं, मधे पालकांच्या स्कूटर. शिपाईमामा, खिचडीवाल्या ताई, नववी-दहावीची पोरं, सगळ्यांना शिकवा, कारण सर नेमके त्या दिवशी ट्रेनिंगला गेलेले असतात.

हे एईडी बोलून सांगतं काय करायचं, गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे घाबरू नका, फक्त छाती उघडी आणि कोरडी हवी. २०२१ च्या युरो कपमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन मैदानातच सीपीआर आणि याच मशीनमुळे वाचला. पण ते ऑफिसच्या कपाटात ठेवू नका. आमच्या पहिल्या ड्रिलला पावणेसहा मिनिटं लागली, त्यातली तीन चावी शोधण्यात, चावी क्लार्ककडं आणि क्लार्क बँकेत. मैदानाजवळच्या भिंतीवर, कुलूप न लावता ठेवा, तीन मिनिटांच्या आत पेशंटजवळ पोचलं पाहिजे. बॅटरीचा दिवा आणि छातीवर चिकटवायच्या पॅडची एक्स्पायरी महिन्याला बघा.

आणि ॲडमिशन फॉर्मवर दोन प्रश्न वाढवा, खेळताना कधी चक्कर येऊन पडलाय का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का. हो आलं तर आधी डॉक्टर आणि ईसीजी, मग कबड्डी.